गुहागरच्या घरातले वीस वर्षांचे डिजिटल फोटो ऑनलाइन लावायचे आहेत. आधी अपलोड करू की आधी तारखा-नावं नीट करू?

आधी तारखा आणि नावं नीट करा, तीही फाइलच्या आत, अपलोड शेवटी. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन मूळ फाइलमध्ये जात नाही. टेकआउटने, म्हणजे गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीने, फोटो परत घेतले की ते वर्णन वेगळ्या जेसन (JSON) नावाच्या मजकुराच्या फाइलींत येतं आणि कोणतं कुठल्या फोटोचं ते जुळवत बसावं लागतं. त्यापेक्षा डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, मेटाडेटा (फोटोबरोबरची तारीख, नावं, वर्णन अशी माहिती) फाइलमध्ये लिहिण्याची सेटिंग चालू करा आणि माणसं, वाडी, प्रसंग यांचे टॅग तिथेच द्या. फोल्डर साधे ठेवा, वर्ष-महिना-प्रसंग असे: २००८-०९-गणपती. खरी मेहनत तारखांची आहे. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो मूळ तारीख गमावतो. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात दिसते ती मिळाल्याची तारीख. मग कोणी मे महिन्यात पाठवलेला गणपतीचा फोटो आंब्यांच्या फोटोंत जाऊन बसतो. स्कॅन केलेल्या फोटोंचंही तेच, त्यांवर स्कॅन केल्याची तारीख येते. कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलं असेल तर त्या दिवसाचे सगळे फोटो निवडून तारीख एकदम सरकवा. मात्र जुन्या सीडी असतील तर सगळ्याच्या आधी त्या हार्ड डिस्कवर उतरवा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यांवर बुरशी धरते. आणि काहीही बदलण्यापूर्वी पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर हवीच.