निर्वासितांसोबत काम करायचंय? यजमान गावालाही विसरू नकोस

‘समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. निर्वासितांसाठी काम करायचंय. घरचे म्हणतात, हा दानधर्म झाला, करिअर नव्हे. कोणता कोर्स करू?’ असं तू विचारलं आहेस.

हे पगारी काम आहे, एवढं घरच्यांना नक्की सांग. ‘कम्युनिटी एंगेजमेंट ऑफिसर’ (वस्तीतल्या लोकांशी संवाद ठेवणारा अधिकारी) यासारखी पदं निघतात. पण करार बहुधा वर्ष-दोन वर्षांचे असतात आणि सगळं देणगीदारांच्या निधीवर चालतं. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत कापली, तेव्हा कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. घरच्यांची काळजी उगाच नाही.

मला खटकलं ते वेगळंच. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात निर्वासित ज्यांच्या शेजारी येऊन राहतात, त्या गावाबद्दल एक ओळही नाही.

२०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बझारला आले. चूल पेटवायला लाकूड हवंच, मग आसपासचं जंगल तुटू लागलं. स्थानिकांचं सरपणही तिथूनच यायचं. पुढच्या वर्षी गॅस आणि शेगड्या वाटायला सुरुवात झाली, ती छावणीत आणि शेजारच्या गरीब स्थानिक कुटुंबांतही. नुसत्या छावणीत वाटल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार कर. युगांडात तर निर्वासितांसाठी आलेल्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा यजमान वस्तीला मिळावा, असं धोरणच आहे. तिथे निर्वासित आपले प्रतिनिधीही स्वतः निवडतात.

या कामाचं खरं कसब ऐकण्यात आहे. बैठकीत पुढे बसलेले पुरुष सांगतात, ‘शौचालयं पुरेशी आहेत.’ मागच्या बायकांशी वेगळं बोललं की कळतं, दाराला आतून कडीच नाही, म्हणून अंधार पडल्यावर कुणी तिकडे फिरकत नाही. हे ऐकून घेणं, ते इंजिनिअरपर्यंत पोचवणं आणि कडी बसली की नाही, हे परत जाऊन त्याच बायकांना विचारणं, असं हे काम आहे. यातलं शेवटचंच सगळ्यात जास्त राहून जातं.

आता कोर्सचं. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी चांगलीच, पण माझं मत विचारशील तर जोडीला एखादं ठोस कौशल्य घे: सार्वजनिक आरोग्य, पाणी-स्वच्छता किंवा कायदा. आणि फ्रेंच किंवा अरबी आजच सुरू कर. भाषेला वर्षं लागतात, ती नंतर घाईने येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयोगटासाठी वेगळी सोय आहे, तीही बघून ठेव.

अर्ज करण्याआधी वर्षभर एखाद्या वस्तीपातळीवरच्या संस्थेत काम कर. तिथे तक्रारवहीची जबाबदारी मागून घे. सहा महिन्यांनी त्यातल्या किती तक्रारींना उत्तर गेलं, ते मला लिही. पुढचं आपण तेव्हा ठरवू.