केअर होममध्ये काळजी खरंच नीट घेतात का, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, एक केअर होम बघून आलात, जागा लख्ख आहे, जागोजागी सीसीटीव्ही आहेत, मॅनेजर गोड बोलले, तरी मनाची खात्री पटत नाही. न पटणंच बरोबर आहे. तुम्ही जे पाहिलं ते पाहुण्यांना दाखवायचं म्हणूनच मांडलेलं असतं. मी नर्स आहे आणि माझी बरीचशी नोकरी अशा निवासी संस्थांमध्ये, त्यातही नाइट ड्यूटीत गेली. अशा ठिकाणी आत शिरले की मी काय बघते ते सांगते.

आईसारख्या चालत्याबोलत्या माणसांवरून दर्जा ठरवू नका. त्यांना तोंड उघडून मागता येतं, म्हणून त्यांना मिळतंही. तिथल्या सगळ्यात परावलंबी माणसाकडे बघा. जो अंथरुणाला खिळलाय, बोलत नाही, ज्याला भेटायला फारसं कुणी येत नाही, त्याच्याकडे. ऐकायला कटू वाटेल, पण हा आजार वाढत जाणारा आहे आणि पुढेमागे त्या खाटेवर आई असू शकते.

परक्या माणसाच्या खोलीत घुसून तपासणी करता येत नाही आणि करूही नये. पण दारातून, जाता-येता बरंच दिसतं. ओठ कोरडे पडून सोललेत का? पाण्याचा पेला हात पोचेल इथे आहे की पलीकडच्या टेबलावर? बेलची वायर उशाशी आहे की कुणीतरी गुंडाळून भिंतीवर अडकवून ठेवली आहे? चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, कानाचं मशीन कानात आहे की खणात? म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. समोर पाणी असूनही ते आपणहून पीत नाहीत, कुणीतरी दर थोड्या वेळाने पाजावं लागतं. ते झालं नाही की लघवीचं इन्फेक्शन होतं, भ्रम होतो, माणूस पडतो. एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ हा बहुतेक वेळा आजार असतो. त्यावर ‘वय झालं की व्हायचंच’ असं ऐकायला मिळालं तर ती जागा सोडा.

मग बेडसोअरबद्दल, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांबद्दल विचारा. सध्या कुणाला जखम आहे का, ती इथेच झाली की येतानाच होती, आणि आता काय करताय? माकडहाड, टाचा आणि खुबे या जागा आधी जातात. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडलं आणि ती क्षणभरही पांढरी पडली नाही, तर जखमेची सुरुवात झाली असं समजायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा हाताने बघावा लागतो. हे तिथल्या मदतनिसाला माहीत आहे का, एवढं विचारलं तरी प्रशिक्षणाचा अंदाज येतो. मॅनेजरला विचारू नका, त्यांना माहीत असतंच.

ज्यांना स्वतः हलता येत नाही त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते आणि त्याचा तक्ता असतो. एका ठिकाणी मी रुजू झाले तेव्हा तो तक्ता पहाटे एकदमच भरला जायचा: १०, १२, २, ४, एकाच पेनाने, एका दमात. खरा तक्ता असा नीटनेटका नसतो. त्यात १०.२० असतं, १२.४५ असतं, मध्येच कुठेतरी ‘झोपल्या आहेत, उठवू नका म्हणाल्या’ अशी नोंद असते. दुसऱ्याची नोंदवही ते दाखवणार नाहीत, पण नाव झाकून एखादं पान दाखवा म्हटलं तर चांगली संस्था कां-कू करत नाही. पडण्याच्या घटनांचं रजिस्टरही असंच बघा. महिनोन्‌महिने कुणी पडलंच नाही असं दिसलं तर मला धडकी भरते. एवढी म्हातारी माणसं एका छताखाली असताना कुणी ना कुणी पडतंच. नोंद नाही याचा अर्थ लिहिलं जात नाही. पडल्यानंतर काय बदललं, ते विचारा. औषधं पुन्हा तपासली? झोपून आणि उभं करून बीपी घेतलं? उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने उतरत असेल तर गुळगुळीत फरशीला दोष देऊन भागत नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला, तर तो ठीक दिसत असला तरी डॉक्टरला दाखवावंच लागतं.

खाटेचे कठडे बघितले की नातेवाइकांना बरं वाटतं. गोंधळलेला माणूस मात्र त्यावरून चढतो आणि आणखी उंचावरून पडतो, किंवा कठडा आणि गादीच्या फटीत अडकतो. खुर्चीत पुढचा ट्रे लावून ‘बसवून ठेवलेली’ माणसं दिसली तर तेही बांधणंच. तसंच बांधणं गोळ्यांनीही होतं. दुपारी चार वाजता सगळा हॉल पेंगताना दिसला तर झोपेची किंवा मनोविकाराची औषधं कुणाला, कुणाच्या सांगण्यावरून आणि किती दिवस चालू आहेत, हे विचारा. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मनोविकारावरच्या नव्या पिढीच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ साली दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. कधीकधी ती द्यावी लागतात, मी स्वतः दिली आहेत. पण कुटुंबाला न सांगता, थांबवण्याची तारीख न ठरवता देणं बरोबर नाही.

जेवणाच्या वेळी जा, शक्यतो रात्रीच्या. भरवणारी व्यक्ती शेजारी बसून, डोळ्याला डोळा देऊन भरवते आहे की उभ्याने दोघांच्या तोंडात आळीपाळीने चमचे सारते आहे? मागे रेलून झोपवलेल्या माणसाला भरवत असतील तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. गिळला का, हे बघून मगच पुढचा चमचा. जेवण झाल्यावरही अर्धा तास ताठ बसवायचं असतं, आणि माणसं कमी असली की गळतो तो नेमका हाच अर्धा तास. वजनाची नोंद दरमहा होते का तेही विचारा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप घटलं तर ते गंभीर असतं. म्हणजे ६० किलोच्या बाईचं महिन्यात तीन किलो. कपडे सैल दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

वासाबद्दल सगळेच सांगतात. लघवीचा वास एखाद्या वेळी येणारच. मला रूम फ्रेशनरचा भपकारा जास्त खटकतो. आणि सीसीटीव्ही? बाथरूममध्ये आणि खोलीत कॅमेरा नसतो, नसावाही, आणि माणसं पडतात ती बरीचशी तिथेच. कॅमेरा झाल्यावर दाखवतो, हात धरायला येत नाही.

त्यापेक्षा रात्री दोन वाजता ड्यूटीवर नेमकी किती माणसं असतात, ते विचारा. ‘चोवीस तास स्टाफ’ या उत्तरावर थांबू नका. किती रहिवाशांमागे किती, त्यात नर्स किती, जागे किती आणि ‘गरज पडल्यास उठवा’ म्हणून झोपलेले किती? आग लागली तर वरच्या मजल्यावरच्या खिळलेल्या माणसांना कोण, कसं उतरवणार आणि तो सराव रात्रपाळीने कधी केला? बाहेर पडायचं दार ढकलून बघा. मागे व्हीलचेअरचा ढीग असेल तर बाकी काही विचारायची गरज नाही.

आई राहायला गेली की भेटीच्या वेळा बदलत राहा, आणि तिच्याशी थोडा वेळ एकटीशी बोला. म्हातारी कातडी पातळ असते, हाताच्या मागे, कोपराखाली निळे डाग सहज पडतात. दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीच्या आत किंवा कानामागे डाग असले, किंवा ठरावीक मदतनीस आली की आई गप्प होत असली, तर तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी विचारा. तोंडी विचारलेलं पाळी बदलली की विरतं. लेखी पत्राला तारीख घालून उत्तर आलं नाही, किंवा तक्रारीनंतर आईशी वागणं बदललं, तर परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे जा. त्या यंत्रणेचं नाव आणि पत्ता आईला दाखल करतानाच संस्थेकडून लिहून घ्या.