वाचकांचे प्रश्न : बायबलमधला गुलाम आणि त्याची मर्जी

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. ऐरोलीत राहतो आणि कामासाठी रोज लोकलने ठाण्याला येतो. एका सहकाऱ्याने दिलेले मराठी बायबल प्रवासात थोडे थोडे वाचत आहे. निर्गमाच्या सुरुवातीला देव गुलामांची सुटका करतो आणि काही पानांनंतर, एकविसाव्या अध्यायात, गुलाम कसा ठेवावा याचे नियम येतात. याची संगती कशी लावायची? सहकारी म्हणतात, ती गुलामगिरी नव्हतीच, एक प्रकारची नोकरी होती. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तरुणपणी हेच उत्तर मीही अनेकांना दिले आहे. आज देणार नाही, कारण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे ज्यांच्या पाठीवर उमटले त्यांच्यावर त्याने अन्याय होतो.

आधी खरा भाग पाहू. कर्जापायी विकल्या गेलेल्या इब्री, म्हणजे इस्राएली, माणसाने सहा वर्षे राबावे आणि सातव्या वर्षी काहीही न देता मोकळे व्हावे, असे निर्गम २१:२ सांगते. 'अनुवाद' नावाच्या बायबलच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय आणखी पुढे जातो : त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातले, खळ्यातले आणि द्राक्षकुंडातले त्याच्या पदरात घाला, कारण मिसर देशात तुम्हीही गुलाम होता. माणूस पळवून नेऊन विकणाऱ्याला देहान्ताची शिक्षा आहे. धन्याने गुलामाचा डोळा फोडला, किंबहुना नुसता दात पाडला, तरी त्या गुलामाला सोडून द्यावे लागते. पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या हवाली करू नका, त्याला आवडेल त्या गावी राहू द्या, अशीही आज्ञा आहे. बाबेलचा प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यात अशा पळपुट्याला घरात लपवणाऱ्यालाच मृत्युदंड होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आज्ञेचे मोल कळते.

आता दुसरा भाग. बायबलच्याच लेवीय या पुस्तकात, २५:४४ ते ४६ मध्ये, भोवतालच्या राष्ट्रांतले दासदासी विकत घेण्याची आणि ते मुलांना वारशाने देण्याची मुभा आहे; तेथे सहा वर्षांची मुदत नाही. मार खाल्लेला गुलाम एकदोन दिवस जगला तर धन्याला शिक्षा नाही, कारण तो धन्याचे धन आहे, असे निर्गम २१:२१ म्हणते. ज्याला मालकाचे धन म्हटले त्याला नोकर म्हणता येत नाही.

माझे वाचन मात्र या दोन्हींपेक्षा निर्गमाच्या त्याच अध्यायातल्या पाचव्या आणि सहाव्या ओवीपाशी अडते. धन्याने गुलामाला बायको करून दिली असेल आणि तिला मुले झाली असतील, तर सातव्या वर्षी तो एकटाच जायचा, बायकामुले धन्याची. तेव्हा तो जर म्हणाला की माझे माझ्या धन्यावर, बायकोवर आणि मुलांवर प्रेम आहे, मला मोकळे व्हायचे नाही, तर त्याला दाराच्या चौकटीशी उभे करून आरीने त्याचा कान टोचावा आणि त्याने कायमची चाकरी करावी. ठाणे स्थानकाबाहेरच्या गटई कामगाराकडे चप्पल शिवायला दिली असताना त्याची आरी मी एकदा हातात घेऊन पाहिली. मूठ लाकडाची, तळव्याच्या घामाने काळी गुळगुळीत झालेली, टोकाला दोरा ओढण्यापुरती खाच. कातडे कानापेक्षा कितीतरी जाड असते. ही ओवी ख्रिस्ती मंडळीत प्रेमाने स्वीकारलेल्या सेवेचे रूपक म्हणून सांगितली जाते, तशी गीतेही गायली जातात. परंतु बायकामुले ओलीस असताना केलेल्या निवडीला मर्जी म्हणावे काय?

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू-उंबरगाव भागात, जो आता बहुतांश पालघरमध्ये गेला, लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतलेला वारली तरुण 'लग्नगडी' होत असे आणि मग तो आणि त्याची बायको दोघेही त्या घरी आयुष्यभर राबत असत. १९४५ साली टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी यांविरुद्ध उठाव केला. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा १९७६ चा. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी भिवंडीच्या बाजूला एका वीटभट्टीवर एका कातकरी बाईंशी बोलत बसलो होतो. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल घेतलेली, दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर, आणि हिशेब होणार तो हंगाम संपल्यावर. मी विचारले, येथे यायचेच असे कोणी सांगितले? बाई मातीचा गोळा साच्यात थापत म्हणाल्या, "आमीच आलो. कोनी धरून नाय आणलं." त्या खोटे बोलत नव्हत्या. तरीही ते पूर्ण खरे नव्हते, आणि निर्गमाची पाचवी ओवी मला त्या दिवसापासून त्यांच्याच आवाजात ऐकू येते.

मग ख्रिस्ती माणूस या नियमांचे काय करतो? बहुतेक परंपरा येशूच्याच एका उत्तराचा आधार घेतात. सूटपत्राविषयी, म्हणजे घटस्फोटाविषयी, विचारले असता तो म्हणाला की तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे मोशेने ती मुभा दिली, आरंभापासून तसे नव्हते (मत्तय १९:८). म्हणजे मोशेने दिलेल्या नियमशास्त्रातली प्रत्येक मुभा ही देवाची इच्छा नव्हे. काही मुभा माणसाच्या कठीणपणाला घातलेला बांध आहे. आरंभी काय होते, तर माणूस देवाच्या प्रतिमेत घडवला गेला. चौथ्या शतकात निसाचा बिशप ग्रेगरी याने बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना नेमके हेच धरले : ज्याचा स्वभावच मुक्त आणि स्वतःच्या इच्छेचा धनी आहे त्याला तुम्ही दास्याची शिक्षा देता, देवाच्या प्रतिमेची किंमत तुम्ही किती नाण्यांत केलीत? गुलामगिरी आणि इच्छास्वातंत्र्य हे दोन विषय नाहीत, एकच आहे, हे त्याने सोळाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

पण चर्चने पुढची अनेक शतके त्याचे ऐकले नाही, हेही लिहिलेच पाहिजे. १४५२ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना कायमचे गुलाम करण्याची परवानगी दिली. १७३७ पर्यंत पोर्तुगिजांकडे असलेल्या आपल्या ठाण्यात मासुंदा तलावाकाठच्या चर्चमध्ये प्रार्थना होत होत्या, तेव्हा आफ्रिकेतून आणलेली माणसे याच किनाऱ्यावर राबत होती. आणि १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी बायबलमधील निवडक भागांचे पुस्तक छापले गेले, त्यात मिसरातून सुटकेची कथा वगळलेली होती आणि दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा, ही ओवी ठेवलेली होती. गुलामगिरीचे समर्थन बायबलमधून सहज निघत असते तर कात्री लावावी लागली नसती, असे मला वाटते.

प्रश्न : आम्ही जन्माने ख्रिस्ती आहोत. माझ्या नातवाने विचारले की इस्राएलांना सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजाचे, फारोचे, मन देवानेच कठीण केले तर शिक्षा फारोला का? मला उत्तर देता आले नाही. (एक आजी, कळवा)

उत्तर : नातवाचा प्रश्न रास्त आहे, आणि प्रेषित पौलानेही तो रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात स्वतःच उभा केला आहे. नातवाबरोबर निर्गमाचे सात ते अकरा अध्याय पेन्सिल घेऊन वाचा. फारोने आपले मन कठीण केले, किंवा त्याचे मन कठीण झाले, असे जेथे आहे तेथे एक खूण करा. परमेश्वराने कठीण केले असे जेथे आहे तेथे दुसरी. देवाने मिसरावर आणलेल्या पीडांपैकी पहिल्या पाच पीडांच्या वेळी कठीणपणा फारोचाच आहे. सहाव्या पीडेला, म्हणजे गळवांच्या वेळी, ९:१२ मध्ये प्रथमच परमेश्वराने मन कठीण केले असे येते. परमेश्वर असे करील हे मात्र आधीच, ४:२१ आणि ७:३ मध्ये, सांगून ठेवलेले आहे. तेव्हा पेन्सिलीच्या खुणांनी प्रश्न पुरता सुटतो असे नातवाला सांगू नका.

तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने एक दाखला दिला आहे, तो मुलांना पटतो : एकाच उन्हाने मेण वितळते आणि चिखल कडक होतो. त्याच्यानंतरचा बिशप ऑगस्टीन याला हे पुरेसे वाटले नसते. माणूस आपल्या बळावर चांगले निवडू शकतो या पेलाजियसच्या मताला त्याने कडाडून विरोध केला. पापाने माणसाची इच्छाच बंदिवान झाली आहे, कृपा तिला सोडवते, असे त्याचे म्हणणे. १५२४ मध्ये इरॅस्मस या विद्वानाने इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली तेव्हा प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने दुसऱ्याच वर्षी जे उत्तर लिहिले त्याच्या नावातच इच्छेला 'दास' म्हटले आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये ठरवले की इच्छा दुबळी झाली आहे, विझलेली नाही. कॅथलिक आजही तसेच मानतात. मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली म्हणत असे की कृपा प्रत्येकाला आधीच इतके बळ देते की माणूस होकार किंवा नकार देऊ शकेल. आणि याच वेस्लीने १७७४ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली, हा मला योगायोग वाटत नाही.

माझे स्वतःचे मन वेस्लीकडे झुकते. पण नातवाला मी आणखी एक ओवी दाखवीन, जिच्याकडे फारोच्या चर्चेत कोणी पाहत नाही. पाचव्या अध्यायात फारो इस्राएलांना पेंढा देणे बंद करतो, पण विटांची गणती पहिल्याइतकीच मागतो. पुढच्या अध्यायात मोशे सुटकेची बातमी घेऊन येतो, आणि ६:९ मध्ये लिहिले आहे की मन खचल्यामुळे आणि कठोर दास्यामुळे त्यांनी त्याचे ऐकले नाही. दुसऱ्यांची इच्छा विटांखाली गाडणारा राजा शेवटी स्वतःची इच्छाही बदलू शकेनासा होतो. देव कठीण करतो म्हणजे काय, याचे उत्तर मी येथे शोधतो : ज्याने वारंवार नाही म्हटले त्याला देव त्याच्या 'नाही'च्या स्वाधीन करतो.

प्रश्न : 'ख्रिस्ताचा दास' म्हणवून घेणे आजच्या काळात योग्य आहे काय? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरळ गुलाम असा आहे. मराठीत 'दास' म्हटले की आपल्या कानाला रामदास, विठोबाचा दास असे ऐकू येते, आणि भक्तीच्या त्या गोडव्याखाली विकत घेतलेला माणूस दिसेनासा होतो. पौलाच्या वाचकांना तो दिसत होता, कारण तो त्यांच्या घरात पाणी भरत होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपले पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, तेव्हा त्यांनी 'गुलामगिरी' हाच शब्द निवडला. वर्गात शिकवताना मी निदान एकदा तरी 'दास'च्या जागी 'गुलाम' वाचून दाखवतो. स्वतःहून ते नाव घेणे योग्यच आहे. दुसऱ्याला ते घ्यायला लावणे मात्र नव्हे.

प्रश्न : आमच्या बायबल अभ्यास वर्गात फिलेमोनाला पत्र घेतले आहे. पळालेल्या गुलामाला परत देऊ नका अशी आज्ञा असताना पौलाने अनेसिमाला परत का पाठवले? (एक भगिनी, वाशी)

उत्तर : अनेसिम पळूनच आला होता, असे पत्रात स्पष्ट लिहिलेले नाही; पण पूर्वापार समज तोच आहे, म्हणून तो धरूनच लिहितो. फिलेमोन हा त्याचा धनी. पत्र २५ ओव्यांचे आहे. पौल तुरुंगात आहे, अनेसिम त्याच्या उपयोगी पडत आहे, आणि अनेसिम या नावाचा अर्थही 'उपयोगी' असाच आहे. तरी पौल फिलेमोनाला लिहितो की तुझ्या संमतीवाचून मला काही करायचे नव्हते, म्हणजे तुझा चांगुलपणा जुलमाचा नव्हे तर खुशीचा ठरेल. त्याला आता गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार. त्याचे काही देणे असेल तर मी ते फेडीन, हे मी माझ्या हाताने लिहीत आहे.

हुकूम करण्याचा अधिकार असताना पौल तो वापरत नाही. ज्याने बळजबरीवर घर उभारले त्याला बळजबरीने सुधारले, तर तो फक्त आणखी बलवान धन्याला शरण जाईल. म्हणून तो फिलेमोनाच्या इच्छेलाच हाक मारतो, तीही खाजगीत नव्हे, तर त्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीसमोर. येथपर्यंत मी पौलाबरोबर आहे. परंतु चौदाव्या ओवीत खुशी विचारली आहे ती धन्याची. अनेसिमाला परत जायचे होते काय, हे २५ ओव्यांत कोठेही आलेले नाही. ही उणीव मला अनेक वर्षे टोचते, आणि तिच्यावर पांघरूण घालावेसे मला वाटत नाही.

वर्गासाठी एक सुचवतो. पौलाच्याच नावाच्या कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी त्याचा सहकारी तुखिक याच्याबरोबर अनेसिमही निघाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे फिलेमोनाचे पत्र बहुधा त्याच वाटेने, त्याच हातांनी गेले. एका भगिनीने पत्र मोठ्याने वाचावे, आणि दुसऱ्या भगिनीने ते चालू असताना दाराशी उभे राहावे, अनेसिम उभा असेल तशी. वाचून झाल्यावर आधी तिला बोलू द्या.