आई म्हणते, आता केमो नको

प्रश्न : माझी आई ६७ वर्षांची आहे, आम्ही साताऱ्याजवळ गावात राहतो. तिला ओव्हरीचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो झाली, वर्षभर बरी होती मग परत आला, परत केमो, आणि ती संपून चार महिने होतायत तोवर पोटात पाणी भरायला लागलं. डॉक्टर म्हणाले दुसरं औषध देऊन बघू पण फार आशा ठेवू नका. आईने तिथेच सांगितलं मला आता केमो नको, घरी राहायचंय. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो तू तिला समजावत नाहीस, योजनेत बसतंय, पैसे पण लागत नाहीत मग सोडायचं कशाला. मावशी म्हणते लोक नावं ठेवतील, पोरांनी आईला मरायला घरी आणून टाकलं म्हणून. मला आईचं पटतं पण रात्र रात्र झोप नाही, वाटतं मीच तिला मारतेय का. काय करू?

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या वाक्याचं सांगते. नाही, तुम्ही तिला मारत नाही आहात. शुद्धीवर असलेल्या, सगळं समजणाऱ्या माणसाला एखादा उपचार नको म्हणायचा हक्क आहे आणि त्यासाठी मुलांची सही लागत नाही.

आणि आईचा निर्णय भावनेच्या भरातला वाटत नाही हो मला. ओव्हरीचा कॅन्सर केमो संपल्यावर सहा महिन्यांच्या आत परत आला की तो केमोतल्या कार्बोप्लॅटिनसारख्या मुख्य औषधांना फारशी दाद देत नाही, पुढची औषधं आहेत, काही जणींना त्यातून काही महिने चांगले मिळतात पण बऱ्याच जणींना नाही मिळत, आणि त्यासाठी प्रवास, सुया, उलट्या, बोटं बधिर होणं हे सगळं परत. दोनदा केमो सोसलेल्या बाईला हा हिशोब तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतो.

तरी एक गोष्ट नक्की करा. ती एकटी असताना, घाईत नसताना विचारा की केमो का नको. कारण ‘मुलांना माझा त्रास नको’ म्हणून नाही म्हणणाऱ्या आया खूप असतात, किंवा दुखणं इतकं असतं की सगळंच नको वाटतं, किंवा मनच पार खचलेलं असतं. यातलं काही असेल तर आधी त्यावर इलाज व्हायला हवा, दुखणं कमी झाल्यावर कुणाकुणाचं मत बदलतं. आणि ती म्हणाली की नाही गं, मला माझ्या घरात राहायचंय, बस, तर मग परत परत विचारू नका, दर वेळी विचारलं की तिला वाटतं आपलं कुणी ऐकतच नाही.

आता मुख्य मुद्दा, केमो थांबली म्हणजे उपचार थांबले असं नाही. आपल्याकडे ‘घरी न्या, सेवा करा’ एवढंच सांगून पेशंटला पाठवतात याचा मला खरंच राग येतो. दुखणं, उलट्या, धाप, झोप, भीती या सगळ्यावर औषध आहे, त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ते आत्ताच सुरू करायचं असतं, शेवटच्या आठवड्यात नाही. भावाला सांगा, अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१० साली छापून आला, त्यात ज्यांना नेहमीच्या उपचारासोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली ते जास्त बरे राहिले आणि सरासरी थोडे जास्तच जगले. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, पैसे घेत नाहीत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात पण अशी सोय आहे का ते विचारा.

दुखण्यासाठी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं कडक वेदनाशामक, लिहून दिलं तर घाबरू नका. ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधूनच मिळतं, २०१४ मध्ये कायदा बदलून ते थोडं सोपं झालं तरी धावपळ होतेच, म्हणून ते कुठून मिळणार हे आधीच विचारून ठेवा. नीट मात्रेत दिलं तर त्याने आयुष्य कमी होत नाही, आणि कॅन्सरच्या दुखण्यासाठी घेतलं की व्यसन लागतं ही भीतीही सोडा. पहिले दोन-चार दिवस गुंगी येते, मळमळतं, मग कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र होतंच, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं, हे डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

पोटातलं पाणी सुईने काढता येतं, त्याने धाप आणि जडपणा लगेच कमी होतो, परत भरतं पण परत काढता येतं. खूप उलट्या, पोट फुगलेलं, संडास आणि गॅस दोन्ही बंद असं झालं तर आतडं अडकलेलं असू शकतं, तेव्हा पोट साफ व्हायचं औषध थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा.

जेवणावरून घरात भांडणं होतील. आई दोनच घास खाईल आणि मावशी म्हणेल उपाशी मारताय का. आजार वाढला की भूक आपोआप जाते, ती जेवत नाही म्हणून आजार वाढत नसतो. मागेल ते, मागेल तेवढं द्या, दोन चमचे पेज सुद्धा चालेल. अगदी शेवटच्या दिवसांत ‘निदान सलाईन तरी लावा’ म्हणून लोक मागे लागतात, तेव्हा त्याने बऱ्याचदा सूज आणि छातीतली घरघर वाढते, तोंड ओलं ठेवणं आणि ओठांना तूप लावणं याने जास्त बरं वाटतं.

आणि रात्रीचा प्लॅन करा, हे फार महत्त्वाचं. रात्री दोनला धाप लागली की सगळे घाबरून १०८ ला फोन करतात आणि घरी राहायचं म्हणणारं माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर जातं. म्हणून अशा वेळी कुठलं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, औषध घरात आणून ठेवा, फोन कुणाला करायचा ते ठरवा. जवळच्या फॅमिली डॉक्टरांना आत्ताच सगळं सांगून ठेवा, घरी मृत्यू झाला तर दाखला तेच देतील, आजारपण माहीतच नसलं तर ऐनवेळी अडचण होते.

आईची तयारी असेल तर वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे कुठले उपचार नकोत हे तिने लिहून ठेवलेला कागद, करून घ्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला ते मान्य केलं आणि २०२३ ला सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. ती बोलू शकते तोवर तिचा शब्दच चालतो, हा कागद ती बोलू शकणार नाही तेव्हासाठी, आणि तेव्हा भावाशी वाद घालायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

राहिला भाऊ. लांब राहणाऱ्या मुलाला आपण काहीच करत नाही हे टोचत असतं आणि ते ‘अजून एक केमो’ म्हणून बाहेर पडतं, त्यामुळे त्याच्याशी फोनवर वाद घालू नका, दोन-तीन दिवस राहायला बोलवा आणि आईलाच त्याच्यासमोर बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. मग त्याला खरी कामं द्या, वारज्याला जाऊन फाइल दाखवणं, औषधं आणणं, महिन्यातून काही रात्री तुमच्याऐवजी आईजवळ झोपणं. मावशीला उत्तर पण त्यालाच देऊ दे. तुम्ही त्या रात्री झोपा.