'बर्ग' की 'बुर्ग'? आणि 'ओब देर टाउबर' म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: जर्मनीतल्या त्या जुन्या तटबंदीच्या गावाचं नाव मराठीत 'रोथेनबर्ग' लिहायचं की 'रोटेनबुर्ग'? पुढचं 'ओब देर टाउबर' काय आहे? आणि 'बुर्ग' म्हणजे आपला 'दुर्ग'च का?

आधी 'थ'चा निकाल लावू. मूळ स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर 'एच' आहे खरा, पण ती जुन्या लेखनाची उरलेली खूण आहे. १९०१ च्या शुद्धलेखन सुधारणेत जर्मनांनी असे 'एच' कितीतरी शब्दांतून काढून टाकले. गावांची बरीच नावं मात्र तशीच राहिली. म्हणून 'रोटेनबुर्ग'. शेवटचा 'ग' जर्मन माणूस 'क'सारखा उच्चारतो, पण आपण 'ग' लिहावा, म्हणजे शब्दाची ओळख पुसत नाही.

'बर्ग'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. 'बेर्ग' म्हणजे डोंगर, 'बुर्ग' म्हणजे गढी, किल्ला. हायडेलबेर्गात डोंगर आहे, हाम्बुर्गात किल्ला. इंग्रजीच्या वाटेने येताना दोन्हींचा 'बर्ग' झाला आणि आपण डोंगर-किल्ला एकाच पोत्यात भरले. रोटेनबुर्ग म्हणजे सरळ 'लाल किल्ला'.

गंमत अशी की तिथे किल्लाच नाही. ११४२ मध्ये होहेनस्टाउफेन या जर्मन राजघराण्यातल्या तिसऱ्या कोनराडने इथे किल्ला बांधायला घेतला, १३५६ च्या भूकंपात तो ढासळला. आज त्या जागी बाग आहे, तिचं नाव बुर्गगार्टन. किल्ला गेला, नावात राहिला. गाव तोवर मोठं झालं होतं. १२७४ पासून ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं मुक्त शहर होतं. पुढे तीस वर्षांच्या युद्धाने ते इतकं कंगाल केलं की जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. आज पर्यटक ज्या गल्ल्यांचे फोटो काढतात त्या या गरिबीची कमाई. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात पूर्वेकडचा बराच भाग जळाला. नंतर जगभरच्या देणग्यांतून तट पुन्हा उभा राहिला, आणि तटावरून चालताना दगडांवर देणगीदारांची नावं वाचायला मिळतात. आपल्या देवळाच्या पायऱ्यांची आठवण होते.

आता 'ओब'. आजच्या जर्मनमध्ये 'ओब' म्हणजे 'येतो की नाही' यातलं 'की नाही'. पण जुन्या भाषेत त्याचा अर्थ 'वर, वरच्या अंगाला'. टाउबर ही नदी. फ्रांकफुर्टच्या नावात 'आम माइन' येतं, म्हणजे माइनकाठचं. हे गाव मात्र नदीकाठी नाही, खोऱ्याच्या वर कड्यावर आहे. म्हणून 'टाउबरच्या वरचं'. हे शेपूट लागतंच, कारण याच नावाची गावं जर्मनीत आणखीही आहेत. आपण नाही का, दोन वडगावांत घोळ नको म्हणून एकाला 'बुद्रुक' आणि दुसऱ्याला 'खुर्द' जोडतो?

'दुर्ग'शी नातं? नाही. 'दुर्ग' म्हणजे 'दुर् + ग', जिथे जाणं अवघड ते. यमक जुळलं म्हणून सोयरीक होत नाही. खरा भाऊबंद हवा असेल तर संस्कृतातला 'बृहत्' घ्या. तो 'बेर्ग'चा लांबचा चुलतभाऊ, दोघांच्या मुळाशी 'उंच' हाच अर्थ. आणि 'बुर्ग'च्या घराण्यातला एक पाहुणा आपल्याकडे येऊन राहिलाच आहे: फ्रेंचमार्गे आलेला 'बुर्ज्वा', म्हणजे मुळात तटाआड राहणारा नगरवासी. आपला 'बुरूज' मात्र अरबी 'बुर्ज'वरून आलेला. त्याला या दावणीला घाईने बांधू नका.

जाता जाता: गावातली सगळ्यात जास्त फोटो निघणारी जागा 'प्ल्योनलाइन'. रस्त्याला दोन फाटे फुटतात तिथलं तिरकं पिवळं घर, मागे दोन बाजूंना दोन वेशी. शब्द लॅटिन 'प्लानुम'वरून, म्हणजे सपाट जागा, आणि 'लाइन' हा लाडका लघुत्वदर्शक प्रत्यय. प्रत्यक्षात तिथला एक फाटा चांगलाच उताराचा आहे.