वही कोरीच राहते, मॅडम

ताईंनी पिशवीतून चित्रांची वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, हातात मावेल अशी, वरचं पारदर्शक वेष्टनसुद्धा अजून न काढलेलं. लेकीने वाढदिवसाला पुण्याहून पाठवलेली. त्या वाढदिवसाला आठ महिने होऊन गेले होते.

"उघडूकच नाय," त्या म्हणाल्या. "माका सुचतच नाय काय काढूचा ता. आणि बिघडली तर? एवढी म्हाग वही!"

मी सिंधुदुर्गात समुपदेशन करते. हा प्रश्न माझ्याकडे अनेक तोंडांनी येतो. लहानपणी छान काढायचो, आता हात चालत नाही. पहिल्या पानावर काय काढू? मुलाला स्केचबुक आणून दिलं, चार पानांत त्याने ते टाकून दिलं. म्हणून ताईंची गोष्ट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्यांनी वाचून होकार दिल्यावरच हे बाहेर जातं आहे.

ताई 44 वर्षांच्या. मालवण तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, घरचीच खानावळ. पर्यटकांच्या दिवसांत पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत चूल विझत नाही. लेक शिकायला गेली आणि घर सुनं झालं. झोप तुटक, कशात मन लागेना, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. पहिल्या भेटीत मी झोप, भूक, जगावंसं वाटतं का, हे सगळं नीट विचारून घेतलं. तिथे काही गंभीर असतं तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. वहीचा विषय त्यानंतर. तसं गंभीर काही नव्हतं. एक मोठी पोकळी होती आणि त्या पोकळीत ही न उघडलेली वही.

शाळेत असताना ताई एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षा पास झालेल्या. मी विचारलं, "वही उघडायला हात नेता तेव्हा डोळ्यांसमोर कोण येतं?" हा प्रश्न मी हमखास विचारते. चित्राविषयी विचारलं तर माणूस चित्राविषयीच बोलतो. कोण दिसतं म्हटलं की खरं काय ते बाहेर पडतं. ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आठवीतले सर." ताईंनी आजीचा सुपारी कातरणारा हात काढला होता. सरांनी तो कागद वर धरून वर्गाला विचारलं होतं, हा हात आहे की केळीचा घड? वर्ग हसला. त्यानंतर ताईंनी परीक्षेपुरतं काढलं, तेही पाठ केलेलं. स्मरणचित्राला पाणवठा नाहीतर बाजार, ठरलेल्या बायका, ठरलेले घडे. गुण चांगले पडले. बघून काढणं मात्र त्या दिवशीच थांबलं होतं.

सरांच्या जोडीला आता मोबाइल. तीस सेकंदांत कुणीतरी अख्खं निसर्गचित्र पुरं करतं, त्यात एकही रेघ चुकत नाही. चुकलेली पानं तिथे कुणी दाखवत नाही. ताई रात्री झोप येईना की ते बघायच्या आणि वही अजून जरा आत सरकवायच्या.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती सांगणं गरजेचं आहे, कारण बहुतेक आईबाप आणि शिक्षक तीच करतात. मी म्हटलं, रोज एक पान काढा, काहीही काढा. ताईंनी साध्या कागदावर तीन दिवस काढलं. चौथ्या दिवशी खानावळीत चाळीस जणांची पानं उठली, चित्र राहून गेलं. पाचव्या दिवशी कालचं राहिलं म्हणून हात लागला नाही. दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या गृहपाठ न केलेल्या मुलीसारख्या, मान खाली घालून. आठवीतले सर जाऊन त्यांच्या जागी मी बसले होते. मी त्यांची माफी मागितली आणि मोजदाद बंद केली. ती वही मी कधीही बघायला मागणार नाही, हेही त्याच दिवशी कबूल केलं.

आमच्याकडे पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. चित्रांच्या पोथीतलं एकेक चित्र लोकांसमोर उभं धरून कथा गातात. ती चित्रं दाखवण्यासाठीच घडवलेली, म्हणून ती पूर्ण आणि ठसठशीत. ताईंना मी म्हटलं, तुमची वही ही पोथी नाही. ती तुम्हाला दिसावं म्हणून आहे, लोकांना दिसावं म्हणून नाही. टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या सुमारे 300 स्केचबुका लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. त्यांतल्या कितीतरी पानांवर किनाऱ्याच्या, डोंगराच्या, ढगांच्या पाच-सहा घाईच्या पेन्सिलरेघा, एवढंच. 1851 मध्ये तो गेला तेव्हा जग त्याला मोठ्या तैलचित्रांसाठी ओळखत होतं; त्या चित्रांमागचं पाहणं या लहान वह्यांत साठलेलं होतं.

मग काम बदललं. आता चित्र काढायचंच नव्हतं. हाताशी असलेली एक गोष्ट दहा मिनिटं बघायची आणि जे पूर्वी दिसलं नव्हतं तेवढंच कागदावर टिपून ठेवायचं. बॉलपेननेच, म्हणजे खोडरबराचा प्रश्न नाही.

पुढच्या वेळी ताईंनी आपणहून एक कागद समोर ठेवला. हिशोबाच्या वहीचं पान, एका बाजूला कोळंबी आणि सुरमईचे भाव, दुसऱ्या बाजूला बांगडा. रेघ थरथरती, डोकं अंगापेक्षा मोठं. पण ताईंचं बोट शेपटीजवळ होतं. पाठीवरचा मागचा पर संपतो तिथपासून शेपटीपर्यंत पाच बारके बारके पर, सुटे सुटे. पोटाच्या बाजूलाही तसेच पाच.

"वीस वरसां बांगडे साफ करतंय मॅडम. ह्ये कधी बघूक नाय."

त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. खात्री करायला मोबाइलवर इंग्रजी नावाने बांगडा शोधला. समोर आला तो अटलांटिक महासागरातला, पाठीवरून पोटाकडे उतरणाऱ्या नागमोडी पट्ट्यांचा. ताटातल्या बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा मात्र डोक्याकडून शेपटीकडे लांब जात होत्या. "मोबाइलातलो आपलो न्हय," त्या म्हणाल्या. मला वाटतं, तिथेच काहीतरी सुटलं. दुसऱ्याचं चित्र बघून काढलं असतं तर त्यांचा बांगडा चुकीचा झाला असता, आणि हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्याच डोळ्यांनी पकडलं होतं. घरी जाऊन त्यांनी लेकीच्या वहीचं वेष्टन काढलं आणि ते हिशोबाचं पान भाताच्या शितांनी पहिल्या पानावर चिकटवलं. पहिलं पान बिघडण्याची भीती तिथेच संपली.

सुचत नाही म्हणून बसून राहणाऱ्याला मला हेच सांगायचं असतं. सुचणं हातापाठोपाठ येतं, आधी येत नाही. नैराश्यावरच्या उपचारांत बिहेवियरल ॲक्टिव्हेशन नावाची पद्धत 1970 च्या दशकापासून वापरात आहे; मन लागण्याची वाट न बघता लहानशी कृती आधी करायची आणि मनाला मागून येऊ द्यायचं, हा तिचा गाभा. वहीचंही तसंच आहे. बांगड्यावरून ताई शेपटीच्या फाट्यावर गेल्या, तिथून ओहोटीच्या वाळूवर उठणाऱ्या वळ्यांवर, वळ्यांवरून कुर्ल्यांच्या बिळांभोवतीच्या वाळूच्या बारीक गोळ्यांवर. यातलं काहीही त्यांना आधी सुचलेलं नव्हतं. प्रत्येक पानाने पुढच्या पानाचा विषय दिला.

आता हाताचं, म्हणजे कौशल्याचं. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं व्यक्त व्हा म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. हात सुधारला नाही तर माणूस महिन्याभरात कंटाळतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

ताईंनी विळी निवडली. पाट, त्यावर उभं वळलेलं पातं, टोकाला खोबरं खवायचा दातेरी गोल. पहिल्यांदा काढली तेव्हा पाट वरून बघितल्यासारखा पुरा चौकोनी आणि पातं मात्र बाजूने बघितलेलं. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. डोळ्यांना पाट तिरका, आखूड दिसत असतो. पाट चौकोनी असतो हे मनाला ठाऊक असतं, आणि हात मनाचं ऐकतो. कोकणातल्या कुठल्याही मुलाला समुद्र काढायला सांगा, एकच माड येतो: सरळ खोड, वर पंख्यासारख्या झावळ्या, बाजूला होडी. दारातला खरा माड बघितला तर खोड बुडाशी फुगलेलं, अंगावर गळलेल्या झावळ्यांच्या खुणांची वळी, आणि जुन्या झावळ्या खाली लोंबणाऱ्या.

यावर उपाय साधे आहेत. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेनवर अंगठ्याने माप घ्यायचं: पात्याच्या उंचीत पाटाची दिसणारी रुंदी किती वेळा बसते? दुसरा उपाय ताईंना फार आवडला. विळी काढायचीच नाही. पातं आणि पाट यांच्यामध्ये जी रिकामी जागा दिसते तिचा आकार काढायचा. रिकाम्या जागेचं पाठ केलेलं चित्र मनाकडे नसतं, त्यामुळे हाताला डोळ्यांचंच ऐकावं लागतं. आणि कधी वहीकडे अजिबात न बघता, नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखी चालवत तेवढ्याच गतीने पेन चालवायचं. चित्र वेडंवाकडंच येतं, पण बघण्याचा वेग कमी होतो, आणि हवं असतं ते तेच.

ती विळी त्यांनी चौदा वेळा काढली. प्रत्येक पानावर तारीख आणि एक ओळ: आज काय चुकलं, काय जमलं. "पातां बरां, पाट अजून उडता." एकच वस्तू परत परत काढण्याला लोक कंटाळवाणं म्हणतात. माझं मत उलट आहे. रोज नवा विषय घेतला तर आजचं चित्र कालच्याशी ताडून बघता येत नाही आणि आपण पुढे सरकतो आहोत हे कळतच नाही. सातव्या आणि आठव्या विळीत फारसा फरक नव्हता; पहिली आणि चौदावी शेजारी ठेवल्यावर ताईंना दुसऱ्या कुणी शाबासकी देण्याची गरज उरली नाही.

जून आला, मासेमारीची बंदी लागली. 1 जून ते 31 जुलै खानावळीत गर्दी कमी, ताईंच्या हाती वेळ. पण पावसाळ्यात आपल्याकडे कागद सादळतो, पाण्याचे रंग वाळता वाळत नाहीत, पातळ कागदाच्या लाटा होतात. तेव्हा रंग बाजूला ठेवले आणि पेनवरच भर दिला. कपाटात बंद ठेवलेल्या वह्यांवर बुरशीचे ठिपके पडतात. ताईंची वही रोज उघडली जात होती, चुलीशेजारच्या फळीवर कोरडी राहिली. तिच्यावर हळदीचे डाग पडले, पण त्याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं.

ऑगस्टमध्ये होड्या परत पाण्यात गेल्या आणि ताई रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्याची, चित्रं काढायला लागल्या. दोन्ही बाजूंनी दोर ओढणारी माणसं, कुणी क्षणभरही स्थिर नाही. आधी रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, चेहरे सोडा, बोटं सोडा. पाठीचा बाक आणि टाचा वाळूत कुठे रुतल्यात, दोनच गोष्टी, अर्ध्या मिनिटात. एका पानावर बारा-पंधरा पाठी झाल्या. त्यांतल्या तीन-चार पाठींत खरोखर वजन आलं होतं, दोराचा ताण कळत होता.

शेजारच्या काकी विचारून गेल्याच, "ह्येचे पैसे गावतत काय?" यजमानांनी सुचवलं, सिंधुदुर्ग किल्ला काढ, पर्यटक विकत घेतील. सूचना प्रेमाची होती. ताईंनी मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, विकायचं असेल तर वेगळ्या कागदावर काढा, या वहीत नको. ज्या पानाला गिऱ्हाईक असतं त्या पानावर चूक करायची हिंमत होत नाही, आणि चूक केल्याशिवाय हात शिकत नाही. मुलांना वही आणून देणाऱ्या आईबापांनाही माझी हीच विनंती आहे. रोज "आज काय काढलंस, दाखव" म्हणू नका. मूल आपणहून दाखवेल तेव्हा छान आहे की नाही हे सांगण्याआधी विचारा, "हे तुला कुठे दिसलं?"

ताईंची झोप सुधारली ती नुसत्या वहीने, असं मी म्हणणार नाही. लेकीशी बोलण्याची वेळ ठरली, खानावळीला मदतनीस बाई मिळाली, रात्रीचा मोबाइल सुटला. पण आजीचा हात त्यांनी पुन्हा काढायला घेतला तो वहीमुळेच. आजी आता नाही, म्हणून स्वतःचा डावा हात अडकित्त्यावर ठेवून उजव्याने काढतात. "वय झाला की माजो हात आजयेसारखोच दिसतलो," असं एकदा म्हणाल्या.

शेवटच्या ठरलेल्या भेटीला मी आत फोनवर होते, त्यांना पाच मिनिटं बाहेर बसावं लागलं. मी दार उघडलं तर त्या बाकावर वाकून बसलेल्या, उंबऱ्याशी पडलेल्या चपलांच्या ढिगाकडे नजर लावून. मी "या" म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही.

"दोन मिनिटां थांबा हां मॅडम," त्या म्हणाल्या.

मी दारातच उभी राहिले.