बक्षीसपत्राआधी बाथरूमचं दार मोजा

प्रश्न : मी ७१ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. बायको ६६ वर्षांची, गुडघ्यांनी बेजार. सांगलीत गावभागात तळमजल्याचं जुनं घर आहे. मुलगा पुण्यात, मुलगी तासगावला दिलेली. मुलगा म्हणतो, ‘घर माझ्या नावावर करा, पुढचं सगळं मी बघतो.’ पेन्शन आहे, मेडिक्लेम आहे, सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्डही काढलंय. उद्या अंथरुणाला खिळलो तर एवढं पुरेल ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : गुरुजी, ‘पुरेल ना’ असं विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचं असतं. मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, पटकन ‘हो’ म्हणायची सवय मोडली आहे.

कार्ड आणि मेडिक्लेम हे दवाखान्यात ॲडमिट होण्यापुरते. कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण तुम्हाला. वहिनींना सत्तर पूर्ण व्हायला अजून चार वर्षं आहेत. डिस्चार्ज झाल्यावर काही पॉलिसी महिना-दोन महिन्यांची औषधं देतात, बस्स. डायपर, हवेची गादी, दर दोन तासांनी कूस बदलायला लागणारी मावशी, हे सगळं खिशातून.

आमच्याकडे २०२१ साली आईसाठी दिवसाच्या बारा तासांना मावशी ६०० रुपये घ्यायच्या. म्हणजे महिन्याला अठरा हजार, आणि रात्र मी आणि बायको आळीपाळीनं जागायचो. आता हे शेजारी ठेवून बघा : पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी त्याचं तिमाही व्याज ६१,५०० रुपये, महिन्याचे पडतात २०,५००. (दर सरकार बदलतं, पण खातं उघडताना जो असेल तोच पाच वर्षं राहतो.) तीस लाखांचं व्याज आणि एका मावशीचा पगार, जवळजवळ बरोबरी. तुमच्या पेन्शनमधून घरखर्च जाऊन काय उरतं ते याच्यासमोर मांडा.

पण पैसे असणं वेगळं आणि हातात येणं वेगळं. हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा आईच्या खात्यातले पैसे काढायला तिचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) घेऊन आला होता. आईला विसरभोळेपणाचा आजार, आता माणसं ओळखत नव्हती. मी त्याला नियम दाखवून परत पाठवलं. आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ज्यानं मुखत्यारपत्र दिलं त्याचीच समज गेली, की ते मुखत्यारपत्र संपतं. नेमकं लागतं तेव्हा निकामी. पुढं माझ्याच आईला तो आजार झाला. तिची चार लाखांची ठेव एकटीच्या नावावर होती, आणि दुसऱ्या एका बँकेतल्या साहेबांनी मला तोच नियम दाखवला. भांडायला तोंड नव्हतं. नॉमिनी मीच होतो, पण तो आई गेल्यावर. आई असताना नाही. कोर्टातून पालक नेमून घ्यायला मी गेलो नाही, ती माझी चूक. तीन वर्षं तिच्या औषधाला तिचे पैसे मिळाले नाहीत.

तेव्हा पेन्शनचं खातं आणि ठेवी दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कुणीही’ अशा करून घ्या. वहिनींच्या एकटीच्या नावावरच्याही. नुसता हात थरथरतो, सही जुळत नाही, एवढंच असेल तर घाबरू नका. बँकेचा माणूस घरी येतो, दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतो. हाताचा नाही जमला तर पायाचाही चालतो. मी घेतलाय.

आता घर. मुलांच्या नावे राहतं घर बक्षीस द्यायला आपल्याकडे मुद्रांक शुल्क २०० रुपये, शहरात वर अधिभार. स्वस्त पडतं म्हणून घाई होते. मुलावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. त्याची नोकरी जाऊ शकते, सून आजारी पडू शकते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ सांगतं की सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर परत मागता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात. पण ती अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहिलेली हवी. ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढंच लिहून मोकळे झालात, तर पुढं वकिलांची चंगळ. माझं विचाराल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करा), आणि मन बदललं तर फाडून दुसरं.

तुम्ही विचारलं नाहीत ते आता सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तुमच्या घरात किती आलं होतं? आमच्या जिन्याच्या सहाव्या पायरीला लागलं होतं. आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीनं बांधून, गल्लीतल्या चार पोरांनी बोटीत ठेवलं. ती खुशीत. ‘वाडीला निघालो का रे?’ म्हणाली. नृसिंहवाडीची नाव वाटली तिला. आम्ही गेलो मिरजेला बहिणीकडे. तिसरा मजला, लिफ्ट, सगळं उत्तम. रात्री व्हीलचेअर बाथरूमपाशी नेली तर दार दोन फुटी आणि खुर्ची सव्वीस इंची. बहीण आणि मी, दोघंही साठीकडे झुकलेले, आईला काखेत धरून आत नेत होतो आणि तिचं पाऊल उंबऱ्याला अडकत होतं. बारा दिवस.

म्हणून टेप घ्या आणि तुमचं दार मोजा. मुलाच्या फ्लॅटमधलं त्याला मोजायला सांगा, मुलीकडचंही. तळमजल्यावर पाणी चढलं तर वहिनींना कुठल्या घरी न्यायचं, ते दोन्ही मुलांना एकत्र बसवून ठरवा. गणपतीला दोघं येतीलच. आरती झाल्यावर, जेवणाआधी विषय काढा. जेवल्यावर सगळे आडवे होतात. मुलीला वगळू नका. घर मुलाला आणि उशाशी बसायला मुलगी, ही वाटणी मी फार घरांत बघितली आहे.

आणि बक्षीसपत्राचा मसुदा मुलानं आधीच करून आणला असेल, तर सही करण्यापूर्वी त्याची एक झेरॉक्स मला पाठवा.